दोरीवरचा वारा

माझ्या धाकट्या जावेबद्दल लिहायचं तर आधी एक कबुली द्यायला हवी. तिचं चांगलं झालेलं मला बघवत नव्हतं. देवापुढे बसून हे मी रोज सांगत आले, तेव्हा कागदावर लिहायला आता कसली लाज?

ती मोटारींच्या सीटांची कव्हरं शिवते. रेक्झीनचे चार-चार थर मशीनखाली सारते, पण टाका सूतभरही हलत नाही. कारखान्यात तिचं नाव पडलंय सुईबाई. माझा दीर लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो आणि महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो, म्हणून ती आमच्याकडेच मागच्या खोलीत राहते. बोलायला फटकळ, हसायला मोठ्यानं, आणि कामाला वाघ. झोपताना सुद्धा एका कुशीवर झोपली की सकाळपर्यंत तशीच. मी रात्रभर तळमळते आणि ही ओंडक्यासारखी पडलेली! इथूनच माझ्या पोटात दुखायला सुरुवात झाली असावी.

आमचं घर रायफल क्लबच्या रेंजला लागून आहे. रेंज म्हणजे तीनशे मीटर लांब मोकळी पट्टी. एका टोकाला नेमबाजांच्या चटया, दुसऱ्या टोकाला मातीचा उंच बांध आणि त्याच्यापुढे टार्गेटं. कडेनं जाड भिंत. भिंतीच्या अलीकडे, रेंजच्या बरोबर मध्यावर आम्ही. रेंजची देखभाल आणि शिकवणी ह्यांच्याकडे. पहाटे उठून रेंज उघडायची, नऊला कुलूप लावायचं आणि मग गोदामातल्या नोकरीवर जायचं, हा ह्यांचा बावीस वर्षांचा शिरस्ता.

एकदा हे चष्मा घरी विसरले. मी म्हटलं, "जा गं, देऊन ये." ती गेली ती दोन तासांनी आली, कोपरांना माती लावून.

"ताई, भाऊजींनी मला पालथं पाडलं आणि रायफल हातात दिली!"

"आणि?"

"आणि काय! नळीवर नाणं ठेवलं आणि घोडा दाबायला सांगितला. रिकामीच होती. नाणं पडलं नाही."

जेवताना ह्यांनी तेच नाणं पुन्हा काढलं. "पहिल्या दिवशी कुणाचं राहत नाही. हिचा हात म्हणजे दगड आहे दगड!"

मी वाढता वाढता थांबले. लग्नाच्या पहिल्या वर्षी मीही विचारलं होतं, "मला शिकवाल का?" तेव्हा ह्यांनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हटलं होतं, "तुला कशाला?" दोनच शब्द. मी वहीत लिहून ठेवले होते. रोज वही लिहायची माझी सवय लहानपणापासूनची. काय रांधलं, कोण आलं, हवा कशी होती, मनात काय आलं, सगळं. त्या रात्री लिहिलं: "तिला दगड म्हणाले. बावीस वर्षांत मला एकदाही कसलाही दगड म्हणाले नाहीत."

मग आमच्या घरात दुसरा विषयच राहिला नाही. पालथं पडून मारायचं तर पोट जमिनीला कसं चिकटवायचं, बसून मारताना कोपर गुडघ्याच्या वाटीवर नाही, तिच्या जरा पुढे कसं टेकायचं, उभं राहताना डावं कोपर बरगडीला कसं लावायचं, वारा असेल तर साइट किती क्लिक सरकवायची. हे शिकवत, ती विचारत, आणि मी पोळ्या लाटत. ती कारखान्यातून रेक्झीनची कापलेली टोकं आणायची. त्यातून तिनं स्वतःचं जाकीट शिवलं, कोपरांना दुहेरी ठिगळं, खांद्याला पातळ गादी. क्लबातल्या चौघींनी तिच्याकडून तसंच शिवून घेतलं. मला कुणी विचारलं नाही. मला कशाला हवं होतं जाकीट?

एकच जागा तिला छळायची: गुडघ्यावर बसणं. उजव्या घोट्याखाली लोड घेऊन त्यावर सगळा भार टाकायचा आणि दहा गोळ्या होईपर्यंत हलायचं नाही. तिचा घोटा पाचव्या गोळीला बधिर व्हायचा. मला ऐकून आतून गुदगुल्या व्हायच्या. मी रोज गुडघ्यांवर बसून तासभर जप करते, मुंगी चावली तरी हलत नाही. श्वास कुठे सोडायचा, कुठे धरायचा, हे मला कुणी वेगळं शिकवायला नको.

एका दुपारी घरात कुणी नाही असं बघून मी स्वयंपाकघरात उशी घोट्याखाली घेतली, झाडू खांद्याला लावला आणि फळीवरच्या पिठाच्या डब्यावर नेम धरला. काय सांगू, अगदी स्थिर बसले होते! इतक्यात मागून आवाज आला,

"ताई, कोपर बाहेर गेलंय."

कारखान्यात वीज गेल्यामुळे ती लवकर आली होती. मी झाडू खाली टाकला आणि जाळी काढत असल्यासारखं केलं. ती पोट धरून हसली. तिथवर ठीक होतं. पण जेवताना तिनं सांगितलंच.

"भाऊजी, ताईंनी आज पिठाच्या डब्याला बरोबर टिपलं. झाडूनं!"

हे इतके हसले की ठसका लागला. "झुरळं तरी पडली का?"

मी म्हटलं, "भात घ्या." वहीत मात्र दीड पान लिहिलं. शेवटची ओळ होती: "देवा, तिचा नेम चुकू दे. एकदाच, पण सगळ्यांसमोर." लिहून झाल्यावर तोंड धुतलं, जपाला बसले, आणि त्या दिवशी जप काही लागला नाही.

वर्षभरानं क्लबाच्या संघाची निवड आली. बायकांसाठी चार जागा. पालथं, बसून, गुडघ्यावर, उभं राहून, अशा दहा-दहा गोळ्या, चारशेपैकी गुण. तिनं मनाशी धरलं होतं की संघात जायचंच. दीर फोनवर म्हणाला होता, "तू संघात आलीस तर ट्रकच्या मागे तुझं नाव रंगवीन." ती कव्हरं शिवता शिवता सुद्धा श्वास मोजायची.

आदल्या संध्याकाळी हे चिठ्ठ्या टाकून घरी आले. "तुझा गट तिसरा. यंदा नेमबाज जास्त, म्हणून नऊला सुरू, दहाच्या पुढे संपेल."

मी गच्चीवरून आणलेल्या चादरींच्या घड्या घालत होते. माझा हात थांबला.

हे नीट सांगायला हवं. रेंजवर वाऱ्यासाठी दोन झेंडे आहेत, एक चटयांपाशी, एक बांधापाशी. नेमबाज त्यांच्याकडे बघून साइटची खुंटी तेवढे क्लिक फिरवतात. पण मध्यावर, आमच्या घरासमोर एक नाला रेंजला आडवा जातो. ऊन तापलं की साडेनऊच्या सुमाराला त्या नाल्यातून वारा सुटतो, नेमबाजाच्या उजवीकडून डावीकडे, आणि अर्धा-पाऊण तास वाहतो. दोन्ही झेंडे तेव्हा मेल्यासारखे लटकलेले असतात, कारण त्यांना भिंतीचा आणि बांधाचा आडोसा आहे. माझ्या दोरीवरच्या चादरी मात्र शिडासारख्या फुगतात आणि धुळीनं भरतात. म्हणून मी दोरीवरचे कपडे साडेनऊच्या आत काढते आणि वारा पडला की परत वाळत घालते. बावीस वर्षांच्या वह्यांत हे शेकडो वेळा लिहिलेलं आहे: "साडेनऊ. चादरी डावीकडे. परत धुवाव्या लागल्या." ह्यांना ते ठाऊक नाही, कारण हे नऊला कुलूप लावून जातात. कुणालाच ठाऊक नाही.

सांगायचं तर एक वाक्य पुरे होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात ती म्हणाली,

"ताई, उद्या माझ्या मागे तुम्हीच बसा ना. दुर्बिणीतून बघून गुण लिहायचे. तुमचं अक्षर चांगलंय. येताना झाडू नका आणू म्हणजे झालं!"

मी तोंड मिटलं. "बसेन," एवढंच म्हटलं आणि चादरीची घडी पुरी केली.

दुसऱ्या दिवशी हे पंच होते. घरातलीच नेमबाज म्हणून ह्यांना तिच्याशी बोलायची मनाई. तिनं गुण लिहिणाऱ्याशी तेवढं दहा गोळ्यांच्या दोन पाळ्यांच्या मध्ये बोललेलं चालायचं. मी तिच्या चटईमागे दुर्बीण लावून बसले, मांडीवर पाटी.

पालथं पडून तिनं सत्त्याण्णव काढले. बसून त्र्याण्णव. दुर्बिणीतून छिद्रं एकमेकांना चिकटलेली दिसत होती आणि माझा हात ते आकडे लिहिताना जड होत होता. शेजारच्या चटईमागची बाई कुजबुजली, "तुमच्या जाऊबाई आज सगळ्यांना गुंडाळणार बघा!" मी गोड हसले. घड्याळात नऊ सत्तावीस.

ती गुडघ्यावर बसली. लोड घोट्याखाली, पट्टा दंडाला, गाल लाकडाला. पहिली गोळी नऊ, डावीकडे. दुसरी आठ, डावीकडे. झेंडे गप्प. तिसरी आठ. तिनं रायफल खाली घेतली, झेंड्याकडे बघितलं, मग स्वतःच्या घोट्याकडे. लोड सरकवला. चौथी सात. आता ती बसण्याची ढबच बदलायला लागली. गोळी डावीकडे जाते म्हणजे चूक आपल्या अंगाची, असं तिनं धरलं. वारा नाही हे तर झेंडा सांगतच होता. पाळी चालू असताना बोलायची मनाई होती, हे खरं. पण त्याच्या आधीची अख्खी रात्र माझीच होती की.

एक्क्याऐंशी. घोटा छळत असूनही सरावात गुडघ्यावर तिचे सहसा नव्वद यायचे.

पाळी संपली. ती वळली. घामानं केस कपाळाला चिकटलेले, डोळ्यांत पाणी. "ताई, घोटा मेला माझा. उभं राहता येईल की नाही कोण जाणे. मी कशाला यात पडले हो?"

तिला रडताना मी कधी बघितलं नव्हतं. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं होतं, सगळ्यांसमोर. आणि ते गिळवेना.

"घोटा नाही, वारा आहे," मी म्हटलं. "मधल्या नाल्यातून. उजवीकडून. चार क्लिक उजवीकडे घे."

"झेंडा तर..."

"झेंड्याला काय कळतंय! चार क्लिक."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग खुंटी फिरवली. मी चार आवाज मोजले. उभं राहून पहिली गोळी: नऊ. दुसरी: दहा. एकूण अठ्ठ्याऐंशी, तिचा आजवरचा सगळ्यात चांगला आकडा.

बेरीज तीनशे एकोणसाठ. चौथ्या जागेवरचीचे तीनशे बासष्ट. ती राखीव ठरली, आणि राखीवला कुणी कुठे नेत नाही.

हे म्हणाले, "शेवटी सावरलीस हं. वाऱ्याचं कसं कळलं?"

"ताईंनी सांगितलं."

"हिनं?" हे हसले. "लागला असेल अंदाज."

अंदाज! या शब्दाआड मला आयुष्यभर लपता आलं असतं. ती मात्र हसत नव्हती. घरी आल्यावर दारात चपला काढताना म्हणाली, "गुडघ्यावर बसायच्या आधी माहीत होतं तुम्हाला?"

मी आत गेले आणि या वर्षीची वही आणून तिच्या हातात दिली. वाऱ्याच्या नोंदी तेवढ्या उतरवून देता आल्या असत्या. पण मग उत्तर दिलं असं झालं नसतं.

ती नऊ दिवस बोलली नाही. ताट वाढलं की घ्यायची, धुऊन ठेवायची. ह्यांनी विचारलं, "काय बिनसलंय दोघींचं?" आम्ही दोघी एकदमच म्हणालो, "काही नाही."

दहाव्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. वही तिच्या हातात.

"तुमच्या दिरानं जन्मात माझ्याबद्दल एवढं लिहिलं नसेल," ती म्हणाली. "माझ्या झोपेवर अर्धं पान!"

मला हसू येत होतं की रडू, कळेना.

"वारा मी उतरवून घेतलाय. पण नऊ गुण तुमच्याकडे राहिले माझे, ताई. ते मी सोडणार नाही."

"कसे देऊ?"

"मला हरवायचंय ना तुम्हाला? मग शेजारच्या चटईवर पडून हरवा. मागे बसून नाही."

सकाळी ती मला घेऊनच रेंजवर गेली. हे म्हणाले, "हिला कशाला?" ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही चष्मा पुसा, मी शिकवते." तिनं मला पालथं पाडलं. माझी पहिली गोळी बांधात गेली, दुसरी कुठे गेली ते देवालाच ठाऊक. शिकवते चांगलं, ह्यांच्याहून चांगलं, आणि तेही मला खुपतंच.

आता चार महिने झाले. पालथं पडून ती माझ्या कितीतरी पुढे आहे. उभं राहून तर विचारूच नका, माझी नळी झाडाच्या फांदीसारखी हलते. पण काल गुडघ्यावर माझे शहाऐंशी आले आणि तिचे चौऱ्याऐंशी. तिनं टार्गेटाचा कागद दोनदा मोजला. मग तिसऱ्यांदा. "चांगलं झालं हो, ताई," असं म्हणाली, पण तोंड कडू औषध प्यायल्यासारखं. घरी येईपर्यंत तिनं घोट्याची तक्रार चार वेळा केली.

मी वहीत लिहिलं: "आज तिच्या पोटात दुखलं." मग देवाची क्षमा मागितली. ओळ मात्र खोडली नाही. वही आता ती वाचते, हे मला माहीत आहे.