मोठी मम्मी

अनुपमाला तिची पोटची पोर काकी म्हणायची. हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट होती, आणि तळेगाव ढमढेऱ्यातल्या त्यांच्या अख्ख्या आळीनं ती हसण्यावारी नेलीही होती. अनुपमाला मात्र हसू येत नव्हतं.

झालं होतं ते असं. ईशू सहा महिन्यांची झाली आणि अनुपमाची बाळंतपणाची रजा संपली. ती एमआयडीसीतल्या एका कंपनीत पॅकिंगला. सकाळी सहाला कोपऱ्यावर कंपनीची बस, घरी यायला साडेचार. तोवर पोर थोरल्या जावेकडं, तेजश्रीकडं. तेजश्रीची वैष्णवी पाच वर्षांची. ती आपल्या आईला मम्मी म्हणायची आणि अनुपमाला काकी. ईशूनं बोलणं उचललं ते वैष्णवीचं. तेजश्रीला 'मोठी मम्मी' म्हणायचं, असं घरातल्यांनी तिच्याकडून घोकून घेतलं. पण त्यातलं 'मोठी' काही तिच्या जिभेला पेलेना, ते तिनं टाकून दिलं. राहिली नुसती मम्मी. आणि जिच्या पोटी जन्म घेतला ती काकी! घ्या!

पहिला दात तेजश्रीच्या बोटाला लागला. पहिलं पाऊल पडलं तेव्हा अनुपमा खोक्यांना टेप मारत होती. मोबाइलवर व्हिडिओ आला. त्यात ईशू डुगडुगत निघाली होती ती तेजश्रीकडंच. "बघ गं अनू, तुझी लेक चालाय लागली!" असं तेजश्री त्यात ओरडत होती. तुझी लेक म्हणे! अनुपमाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. सोबतच्या बायकांनी व्हिडिओ बघून किती गोड, किती गोड केलं, आणि जेवणाच्या सुट्टीत तिनं डबा तसाच झाकून ठेवला.

तेजश्री वाईट असती तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. पण ती पोरीला न्हाऊ घालायची, भरवायची, शी-शू काढायची, आणि वर अनुपमा दारात आली की तिच्या हातात चहा द्यायची. अशा बाईशी भांडायचं तरी कशावरून? मग अनुपमा बारीकसारीक उद्योग करायची. जावेनं लावलेली तीट पुसून त्याच जागी आपली लावायची. पोर आपल्याकडं ओढली जावी म्हणून पर्समधून चॉकलेट आणून गुपचूप चारायची. त्यापायी ईशूला दोन दिवस जुलाब झाले. दुपटी कुणी धुतली? तेजश्रीनंच.

अशात एक दिवस वरवंडहून फोन आला. तेजश्रीची आई ओट्यावरून पडली होती, पाय मोडला होता. तेजश्री वैष्णवीला घेऊन चार दिवसांसाठी माहेरी निघाली. अनुपमाला वाईट वाटायच्या आधी बरं वाटलं, आणि ते बरं वाटलेलं तिचं तिलाच कळलं. तरी तिनं सुपरवायझरच्या नाकदुऱ्या काढून चार दिवसांची रजा टाकलीच.

पहिल्याच सकाळी तिनं ईशूला समोर बसवलं आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवला. "मी कोन? मम्मी. म्हन, मम्मी."

ईशूनं दाराकडं बोट केलं. "मम्मी?"

"ती न्हाई गं. मी. मी मम्मी."

"काकी," ईशूनं तिची चूक सुधारली, आणि ती उठून दाराशी जाऊन बसली.

वरणभात थुंकला. दुधाची वाटी उलथी केली. दुपारपर्यंत रडून रडून घसा बसला. कडेवर घ्यावं तर पोर अंग मागं टाकायची. शेवटी अनुपमा खेकसली, "आगं, मी जल्म दिलाय तुला!" त्यानं पोर आणखीच घाबरली.

सासू झुंबरबाई पलीकडं शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तेजूचा गाऊन हाय बघ खुंटीला. त्यो घाल अंगात. वासानं गप ऱ्हाईल."

"का? माझ्या अंगाला काय काटं हायेत का, आत्या?"

"मला काय इचारती? पोरीला इचार."

थोडा वेळ अनुपमा हट्टानं बसून राहिली. मग रडता रडता ईशूला उमासे यायला लागले, तशी ती उठली. निळ्या फुलांचा तो गाऊन तिनं आपल्या ड्रेसवरूनच डोक्यातून घातला. त्याला हळदीचा, खोबरेलाचा आणि तेजश्रीच्या घामाचा वास येत होता. तिनं मागून जाऊन पोरीला उचललं. ईशूनं मिटलेले डोळे उघडलेही नाहीत. तिनं खांद्यात नाक खुपसलं, आणि हळूहळू हुंदके कमी झाले.

"मम्मी," ती म्हणाली.

ज्या एका शब्दासाठी अनुपमा वर्षभर जळत होती, तो आता तिच्या कानाला लागून आला होता. ओ द्यायला तिनं तोंड उघडलं. पण गाऊन जावेचा असला तरी आवाज तिचा स्वतःचा होता, आणि तो ऐकला की पोरीला कळलं असतं, ही काकी आहे. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि ती नुसतीच थोपटत राहिली.