चावडीच्या भिंतीवरचं रोजचं ज्ञान

चावडीच्या भिंतीला पोट आलं होतं आणि त्या पोटाखाली पंधरा-वीस माणसं भूकंपाची माहिती वाचत उभी होती. दगडांच्या सांध्यांतून कोरडी माती पिठासारखी गळत होती. सगळ्यात पुढं, भिंतीला जवळजवळ नाक लावून, माझी सून वहीत उतरवून घेत होती. जमीन हलून पाच मिनिटंही झाली नव्हती.

"सरका मागं, भिंत पडून राहिली," मी म्हणाले.

"आजी, वाचू द्या जरा," एक जण मान न वळवता म्हणाला.

आमच्या भागात जमिनीतून अधूनमधून गुडगुड आवाज येतो. मांडणीवरची भांडी वाजतात, कुत्री भुंकतात, मग सगळं गप्प होतं. त्याची आम्हाला सवय आहे. चावडी निजामाच्या काळातली, दगड-मातीची. तिच्या बाहेरच्या भिंतीला एक फळा ठोकलेला होता. एक निवृत्त गुरुजी रोज सकाळी त्यावर तीन गोष्टी लिहायचे. एक शब्दाची, एक इतिहासाची, एक सामान्य ज्ञानाची. गावाला त्याचं वेड लागलं होतं. दोघांचं भांडण लागलं तरी फळ्यापाशी येऊन मिटायचं, कारण तिथं लिहिलेलं खोटं नसतं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. गावाचं नाव कसं पडलं हे गुरुजींनी चार वेळा लिहिलं, चारही वेळा वेगळं. लोकांनी चारही पाठ केली.

मी चौथी शिकले. वाचता येतं म्हणून मीही वाचायची. ऑक्टोपसला तीन काळजं असतात हे मला त्या फळ्यानं सांगितलं. शेजाऱ्याची म्हैस पोट फुगून पडली तेव्हा तिच्याभोवती जमलेल्या सहाही जणांना माहीत होतं की रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटाला चार कप्पे असतात. ढोरांच्या डॉक्टरचा नंबर मात्र एकाकडंही नव्हता. एकदा लिहिलं होतं, तकलीफ हा शब्द अरबीतून आला. मी म्हटलं, "गुरुजी, आली कुठून ते कळलं. जाती कवा ते बी लिवा." ते हसले नाहीत.

माझी सून बी.ए. झालेली. भरतीची परीक्षा देत होती. प्रश्न ह्यातूनच येतात असं गुरुजींनी तिला सांगितलेलं, म्हणून ती रोज फळा उतरवून घ्यायची. तीन वह्या भरल्या होत्या. मी त्या वह्यांना नावं ठेवायची आणि तिला वेळ मिळावा म्हणून सकाळच्या भाकरी मीच थापायची.

त्या दिवशी मी चावडीसमोर आमच्या दारात शेणाचा सडा टाकत होते. आधी गुडगुड झाली, मग असा धक्का बसला की बादलीतलं थोडं शेणपाणी माझ्या पायावर सांडलं. लोक घरांतून बाहेर पळाले. इथपर्यंत शहाणपण होतं. मग सगळे चावडीकडं पळाले, कारण गावात काहीही झालं की फळ्यावर काय आलं ते आधी बघायचं. गुरुजी सगळ्यांच्या आधी पोचले होते. सकाळचं पुसून त्यांनी नवीन लिहायला घेतलं, पृथ्वीचं कवच एकसंध नसून तुकड्यातुकड्यांचं आहे.

माझा जन्म माळवदाच्या, दगड-मातीच्या घरात गेला. माती अशी गळायला लागली की भिंत फार वेळ देत नाही, हे मला कुणी लिहून दिलेलं नाही. मी बादली घेऊनच गर्दीत शिरले.

"गुरुजी, माती गळून राहिली. बाजूला व्हा."

त्यांचा खडू थांबला नाही. "मावशी, किती शिकल्या तुम्ही?"

"चौथी. पण भिंती लिंपायला लागून जलम झाला."

"मग लिंपा. हे विज्ञान आहे."

लोक हसले. मी सुनेचा दंड धरून ओढला. तिनं हिसडा दिला. "आत्याबाई, काहून असं करता? लोक हसून राहिलेत. एवढी ओळ होऊ द्या."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं की ही माणसं भिंतीसाठी हलणार नाहीत. फळ्यासाठी हलतील. मी बादली उचलली आणि सगळा सडा फळ्यावर फेकला. पृथ्वीचं कवच, गुरुजींचा सदरा आणि सुनेची वही, तिन्ही एका रंगाची झाली.

"म्हातारीचं डोस्कं फिरलं."

"धरा तिला आधी."

मी जमेल तेवढ्या जोरात आमच्या अंगणाकडं निघाले. आख्खी गर्दी माझ्यामागं आली. पुढं सून, हातात गळती वही. लग्न होऊन आल्यापासून मनात साठलेलं सगळं तिनं तेवढ्या वाटेत मला ऐकवलं. गुरुजी मात्र आले नाहीत. ते रुमालानं फळा पुसत बसले. सुनेचं बोलणं संपलं तशी ती मागं वळली. "गुरुजी, इकडं या. ह्यांना तुमीच सांगा."

मला झापायला गुरुजी लगबगीनं निघाले. रस्त्याच्या मध्यावर आले असतील, तेवढ्यात भिंत खाली आली.

धुरळा विरला. एक दगड घरंगळत येऊन गुरुजींच्या नडगीवर बसला होता. त्यांना जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. पाय प्लास्टरमध्ये गेला.

पंधरा दिवसांनी नवा फळा लिंबाच्या झाडाला टांगला. गुरुजी खुर्चीत बसून सांगत होते, सून लिहीत होती. भूकंपाच्या वेळी भिंतीजवळ थांबू नये. लोकांनी वाचलं. "बराबर हाय," म्हणाले. माझं अक्षरांवर लक्ष नाही असं वाटून एकानं मला ते समजावूनही सांगितलं.

सुनेच्या परीक्षेत भूकंपावर प्रश्न आला नाही. पुढच्या परीक्षेसाठी तिनं नवीन वही केली आहे.

त्या सकाळी भिंतीखाली उभी असलेली सगळी माणसं आज जिवंत आहेत. सून आहे, गुरुजी आहेत, मी आहे.