फुईच्या नावापुढचं ‘नाही’

दवाखान्याच्या दारात झेंडूच्या माळा दिसल्या की मी आता सावध होते. माळा लावून ज्याचं उद्घाटन करावं लागतं ते पेशंटसाठी नसतं, फोटोसाठी असतं.

जळगाव-धुळे रस्त्यावरच्या एका धर्मादाय रुग्णालयात अशा माळा लागल्या होत्या. दारावर पाटी होती, ‘कागदमुक्त रुग्णालय’. नाव लिहीत नाही. एकाचं लिहिलं तर बाकीची सुटतील. तिथे केसपेपर बंद झाला, टेबलाटेबलावर कॉम्प्युटर आले आणि आसपासच्या गावांत हेल्थ कार्डाची शिबिरं सुरू झाली. मी धुळ्यात, देवपुरात दोन मुलींबरोबर खोली घेऊन राहते, आरोग्य-हक्काच्या एका लहान गटात काम करते. काम म्हणजे पत्रकं लिहायची, एसटी स्टँडवर वाटायची आणि साहेबांच्या केबिनबाहेर बसून राहायचं. कॉम्प्युटर आणा ही मागणी आमचीच होती. कागद हरवतात, पेशंटला त्याच त्याच तपासण्या परत करायला लावतात, असं पत्रक मीच लिहिलं होतं. तेव्हा मला कोणी जुनाट म्हणू नये.

आमच्या गावातही शिबिर झालं. पांझरेच्या काठचं गाव, धुळ्याहून एसटीने पाऊण तास. रुग्णालयाने एक लॅपटॉप पाठवला आणि त्यावर बसायला गावातली शिकलेली मुलगी म्हणून मला सांगितलं. मी फुशारकीने बसले. समाजमंदिरात आमच्या गल्लीची रांग लागली. पहिला घोळ मोबाइलचा. कार्डासाठी मोबाइलवर आकडा येतो, तो सांगावा लागतो. आमच्याकडे म्हाताऱ्यांची पोरं सुरतेला, आणि घरातला मोबाइलही पोरांबरोबर सुरतेला. मी म्हटलं, टाका माझा नंबर. सगळ्या गल्लीचा नंबर माझा. त्रेसष्ट माणसं आणि एक मोबाइल. त्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता, हे पण लिहून ठेवते.

फॉर्ममध्ये एक रकाना होता, ‘औषधांची ॲलर्जी’. हो किंवा नाही. मोकळा ठेवला तर खालचं ‘पुढे’चं बटण उमटत नाही. ‘हो’ दाबलं तर औषधांची लांबलचक इंग्रजी यादी उघडते, त्यातलं एक निवडा, कधी झालं ते लिहा, कुठल्या डॉक्टरने सांगितलं ते लिहा. ‘नाही’ दाबलं की बटण लगेच हिरवं. पहिल्या आठ-दहा माणसांना मी विचारलं. मग रांगेतून ओरड सुरू झाली, “पोरी, भाकरी टाकायच्या आहेत घरी.” मी विचारणं सोडलं. बोट आपोआप ‘नाही’वर जात होतं.

त्याच रांगेत फुई होती. फुई म्हणजे माझ्या वडिलांची मोठी बहीण. तिला पेनिसिलिन चालत नाही, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत. एकदा गावातल्या डॉक्टरांनी सुई दिली आणि तिचा श्वास कोंडला, बैलगाडीत घालून धुळ्याला न्यावं लागलं होतं. तेव्हापासून त्या डॉक्टरांनी लाल शाईने लिहून दिलेला कागद ती प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून जपते. वाचता येत नाही तिला, पण लाल कळतं. शिबिरात ती माझ्यासमोर बसली, तिच्या शेळीला दोन करडं झाली ते सांगत होती. मी हसत होते आणि स्क्रीनकडे बघत होते. बटण हिरवं झालं.

यंदा कापूस उपटताना पऱ्हाटीचा खुंट तिच्या पायात घुसला. आठ दिवस तिने हळद भरली. पाय घोट्यापर्यंत सुजला तेव्हा शेजारीण तिला त्या रुग्णालयात घेऊन गेली. कार्ड होतं ना! मला फोन आला तेव्हा मी धुळ्यात पत्रकांची प्रुफं बघत होते. पोचेपर्यंत दुपार झाली. फुई वॉर्डात, नाकाला ऑक्सिजन, ओठ सुजून वाटीएवढे.

जे झालं ते शेजारणीने सांगितलं, आणि नंतर फुईने.

डॉक्टर तरुण होता. टेबलावर स्क्रीन अशी ठेवलेली की त्याला पेशंट दिसण्यासाठी मान वळवावी लागे. त्याने ती वळवली नाही. टाइप करत करत विचारलं, काय होतंय. फुईने पाय दाखवला. मग पिशवीतून कागद काढून पुढे केला आणि आपल्या अहिराणीत म्हणाली,

“माले ती सुई चालत नही, भाऊ. तोंड सुजी जास.”

“आजी, कागद नको आता. सगळं यात आहे.”

“कागदवर बठ्ठं लिखेल शे ना.”

“यातही सगळं लिहिलंय. ॲलर्जी, नाही.”

“नाही कोनी सांगं?”

“तुम्हीच सांगितलं असेल कार्ड काढताना.”

फुईने कागद तीनदा पुढे केला. तिसऱ्यांदा त्याने तो तिच्या हातात परत दिला, प्रेमाने दिला म्हणे, आणि पुढच्या पेशंटचं नाव स्क्रीनवर दाबलं. इंजेक्शनच्या आधी कातडीवर थोडं टोचून बघायची चाचणी असते. त्याही रकान्यात ‘केली’ अशी खूण होती. ती कोणी केली मला माहीत नाही. कशी केली असेल ते पक्कं माहीत आहे. त्याशिवाय बटण हिरवं होत नसेल.

फुई वाचली ती वॉर्डातल्या एका जुन्या नर्समुळे. इंजेक्शन दिल्यावर लगेच ती दुसऱ्या खाटेकडे वळली होती, पण फुईने घशाला हात लावलेला तिला दिसला. ती लॉगइन करत बसली नाही. धावत ट्रे आणला, उताऱ्याची सुई भरली, मांडीत टोचली आणि मग ओरडून डॉक्टरला बोलावलं. ही बाई निवृत्तीला आलेली. तिला तिथे सगळे ‘स्लो’ म्हणतात, कारण तिच्या नोंदी वेळेत भरून होत नाहीत.

मी डॉक्टरशी भांडले. वॉर्डात नाही, बाहेर जिन्यात. तो घाबरलेला होता, तरी बोलायचं तेच बोलला, “मॅडम, आम्ही रेकॉर्डप्रमाणे चालतो.” मी म्हटलं, “रेकॉर्ड बाकावर बसलं होतं, नऊवारी नेसून, तोंडाने बोलत होतं.” त्यावर त्याने सांगितलं की सकाळपासून त्याने ऐंशी पेशंट बघितलेत, प्रत्येकाच्या सहा स्क्रीन भराव्या लागतात, नाही भरल्या तर संध्याकाळी वरून फोन येतो. पेशंटकडे बघितलं नाही म्हणून कधी फोन आला का, असं मी विचारलं.

दोन दिवसांनी फुईला सोडलं. घरी जाताना छापील कागद मिळाला. कागदमुक्त रुग्णालयाचा कागद! तो मी एसटीत वाचला आणि माझं डोकं फिरलं. तिन्ही दिवसांच्या नोंदी अक्षर अन् अक्षर सारख्या. ‘रुग्ण स्थिर. नवीन तक्रार नाही. उपचारांना चांगला प्रतिसाद.’ ज्या दिवशी ती निळी पडली, त्या दिवशीही नवीन तक्रार नाही. कालचं उचलून आज चिकटवायचं, आजचं उद्या. फुईचा कोंडलेला श्वास त्या रेकॉर्डमध्ये घडलाच नव्हता. आणि ‘ॲलर्जी : नाही’ तसंच होतं. पुढच्या वेळी पुढचा डॉक्टर तेच वाचणार होता. मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. ते ‘नाही’ तिथून काढायचं.

चार दिवसांत मी पत्रक छापून आणलं. ‘तुमचा कॉम्प्युटर बहिरा आहे!’ असं ठळक अक्षरात. त्याचा गठ्ठा आणि फुईला घेऊन आम्ही रुग्णालयाच्या रेकॉर्डप्रमुखाकडे गेलो. थंडगार केबिन, भिंतीवर उद्घाटनाचे फोटो. प्रमुखाने पत्रक शांतपणे वाचलं. मग कीबोर्डवर चार बटणं दाबली आणि स्क्रीन माझ्याकडे फिरवली. त्या इमारतीत माझ्याकडे फिरलेली ती पहिलीच स्क्रीन.

“ही नोंद आमच्या डॉक्टरची नाही. शिबिरात झालीये. भरणाऱ्याचा नंबर इथे येतो. ओळखता का?”

नंबर माझा होता.

तोपर्यंत मला एकदाही आठवलं नव्हतं. खरंच नाही. जिन्यात, एसटीत, पत्रक लिहिताना, कधीच नाही. तिच्या नावापुढचं ‘नाही’ मला रुग्णालयाचं वाटत होतं.

“माझा आहे,” मी म्हटलं.

“मग झालं तर,” म्हणून प्रमुखाने पत्रक घडी करून परत दिलं.

मी फुईकडे बघितलं. तिला सांगावं लागलं, की फुई, ते मीच भरलं होतं. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

“तो डाक्टरनी मन्हाकडे देखं नही म्हनीसन त्याले शिव्या देस,” ती म्हणाली. “तू तरी कव्हय इचारं माले?”

मी तरी तिला कधी विचारलं, हे प्रमुखालाही समजलं; त्याला अहिराणी कळत होती. तो टेबलाकडे बघून हसला. त्या हसण्याने मला परत तोंड फुटलं. मी म्हटलं, चूक माझी, लिहून देते, सही करते. पण तुमचा फॉर्म असा का, की न विचारलेलं आणि नसलेलं एकाच बटणात बसतं? जुन्या केसपेपरवर मोकळी जागा राहायची. मोकळी जागा बघून डॉक्टर विचारायचा तरी. तुम्ही मोकळं ठेवायची सोयच काढून टाकली आणि माझ्यासारखीच्या हातात ‘नाही’ दिलं. आणि समोर बसलेली बाई सांगत असताना तिच्यापेक्षा माझं घाईतलं बोट खरं, हे कोणी ठरवलं?

“ते सॉफ्टवेअरवाल्यांना कळवू,” तो म्हणाला. “दुरुस्तीला मात्र ॲलर्जीचा पुरावा लागेल. गावातला कागद जुना आहे, त्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. आणि आमच्या वॉर्डाच्या रेकॉर्डला तसं काही घडलेलं दिसत नाही.”

मी ते फुईला समजावून सांगितलं. ती पिशवी मांडीवर घेऊन बसली होती.

“मंग काय, परत टोची देखतस का माले?”

आता हसायची पाळी प्रमुखाची नव्हती.

पुरावा त्या नर्सने दिला. मी तिच्याकडे गेले तेव्हा तिची ड्युटी संपत आली होती. मला वाटलं होतं ती टाळेल, पेन्शन जवळ आलेली. तिने तपासणीच्या चिठ्ठीच्या मागे लिहिलं, कोणतं इंजेक्शन, किती मिनिटांनी काय झालं, तिने काय दिलं. खाली सही. “कॉम्प्युटरमध्ये घालायला मला जागाच सापडत नव्हती,” ती म्हणाली. “घटना म्हणून रकाना आहे, पण त्यात पडलेले पेशंटच येतात. खाटेवरून पडलेले.”

ती चिठ्ठी आणि माझा कबुलीजबाब जोडून आम्ही परत गेलो. तीन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला एका ऑपरेटरने नोंद उघडली. दुरुस्तीचा आकडा माझ्याच मोबाइलवर आला, तो मी मोठ्याने वाचला. ऑपरेटर म्हणाला, झालं. मी म्हटलं, वाचून दाखवा. कंटाळून त्याने वाचलं, “ॲलर्जी, हो. पेनिसिलिन.” फुईने ते परत एकदा वाचायला लावलं.

एक नोंद सुधारली. बासष्ट राहिल्या. त्यातल्या कोणत्या आठ-दहा जणांना मी विचारलं होतं, तेही आता आठवत नव्हतं.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी वही घेऊन गल्लीत घरोघर बसले. विचारायचं आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहायचं. माझ्यासारखीला हे अवघड जातं. एकाला गुडघेदुखीच्या गोळीने अंगावर गांध्या उठतात. एका बाईला बाळंतपणात कसलीशी सुई चालली नव्हती, कसली ते तिच्या सासूला माहीत, सासू नंदुरबारला. दोघांना नाव सांगता येत नाही, पण गोळीचा रंग सांगतात. पुष्कळांना खरंच काही नाही.

प्रमुखाला मी सांगितलं की सगळ्यांच्या नोंदी पुन्हा भरा. तो म्हणाला, पेशंट समक्ष पाहिजे. ज्यांना त्रास आहे तेवढे आणा. ज्यांना काही नाही त्यांची नोंद बरोबरच आहे ना?

मी म्हटलं, बरोबर निघाली असेल, पण विचारून भरलेली नाही.

सोमवारी दोन टेम्पो ठरवलेत. बासष्ट माणसं दहा वाजता त्याच्या केबिनसमोर उभी राहतील, आणि एकेकाला तोंडाने विचारल्याशिवाय कोणी हलणार नाही. फुईची नोंद झालेली आहे, तिला यायची गरज नाही, असं मी तिला सांगितलं. ती येणार आहे. ड्रायव्हरजवळची जागा तिने आत्ताच अडवून ठेवली आहे.