मंडी मोहल्ल्यातून समुद्रात गेलेलं कपलिंग

भुजंगराव माझे धाकटे काका. आमचे पणजोबा म्हैसूरच्या घोडदळात होते, पण घरात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता. ज्या कारखान्यात कामाला होते तो बंद पडला तेव्हा काकांनी चाळिशीत मालवाहू जहाजावर फिटरची नोकरी धरली. भवानीकाकूंनी एवढंच विचारलं, "अहो, पोहता तरी येतं का तुम्हाला?"

"कावेरीत येतं," काका म्हणाले.

दोन हजार पंधरा साली त्यांचं जहाज फिलिपीन्समधून निकेलची ओली माती भरून निघालं. दक्षिण चिनी समुद्रात त्या मातीचा चिखल झाला, एका बाजूला सरकला आणि वीस मिनिटांत जहाज कलंडलं. काकांसह सहाजण रबरी तराफ्यावर चढले.

ज्या उथळ खडकांजवळ ते वाहत होते, त्यांच्यावर तीन-चार देशांचा दावा होता. तराफ्यातल्या छोट्या रेडिओवर दोन वेगवेगळे आवाज एकच वाक्य बोलत होते: हा भाग आमचा आहे, शोध आम्ही घेऊ, इतरांनी दूर राहावं. लांबवर दोन राखाडी गस्ती जहाजं दिसत होती. एक पुढे आलं तर दुसऱ्याला ती घुसखोरी वाटली असती. दोन्ही जागीच थांबली. दुपारी कुठल्यातरी मोठ्या देशाचं विमान वरून फेरी मारून गेलं. तराफ्यावरचं पाणी संपत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन बाजूंनी दोन लाकडी बोटी आल्या. एक फिलिपिनो मच्छीमार रोमेलची, दुसरी व्हिएतनामच्या तामची. दोघांचे देश त्या खडकांवरून भांडत होते. रोमेल त्या पाण्याला पश्चिम फिलिपीन समुद्र म्हणायचा, ताम पूर्व समुद्र. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. पण तामनं दोर टाकला, रोमेलनं धरला आणि तराफा दोन बोटींच्या मध्ये घट्ट बांधला गेला. तीन माणसं एका बोटीत, तीन दुसऱ्या बोटीत.

काका रोमेलच्या बोटीत होते. त्यानं भात आणि खारवलेली मासळी पुढं ठेवली. काकांनी मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुला भीती नाही वाटली? ती जहाजं बघत होती."

"वाटली," रोमेल म्हणाला. "पण तुम्ही पण आमच्याकडं बघत होतात."

म्हैसूरला परतल्यावर काकांनी पुन्हा जहाज धरलं नाही. मंडी मोहल्ल्यात लेथ टाकून पंप-इंजिन दुरुस्ती सुरू केली. रोमेलशी फोनवर बोलणं व्हायचं. पुढच्या वर्षी त्या पाण्यावरच्या हक्काबद्दल हेगच्या न्यायमंडळाचा निकाल फिलिपीन्सच्या बाजूनं लागला, तेव्हा काकांनी अभिनंदन केलं. रोमेल म्हणाला, "कागद आमच्या बाजूनं आहे. खडकाजवळ मात्र समोरची गस्ती जहाजं अजून जाऊ देत नाहीत. आमचं सरकार आता जपान, अमेरिकेकडून गस्ती बोटी मागवतंय. आम्ही मच्छीमार एकमेकांना रेडिओवर सावध करतो, एवढंच."

काही महिन्यांनी त्याचा निरोप आला. एका गस्ती जहाजानं धडक दिली होती. बोट तरली, पण इंजिनाला पाण्याखालच्या पंख्याच्या दांड्याशी जोडणारं कपलिंग फुटलं. इंजिन जुनं, तो भाग कुठं मिळत नव्हता.

"मग किनाऱ्यापर्यंत आलास कसा?" काकांनी विचारलं.

"तामनं ओढत आणलं. अर्ध्या वाटेपर्यंत. पुढं आमची माणसं आली."

काकांनी वही जवळ ओढली. मग म्हणाले, "मापं पाठव."

काकांनी करून पाठवलेलं पहिलं कपलिंग तिथं बसलं नाही; फोटोवरून घेतलेल्या मापात भोक दोन मिलिमीटर कमी निघालं. काकूंनी म्हटलं, "सुम्ने, उगाच कशाला जीव काढता, तिकडं कुणीतरी करून देईल की."

"त्या दिवशी त्या दोघांनी पण तसंच म्हणायला हवं होतं का?" काका म्हणाले. दुसरं कपलिंग तयार झालं तेव्हा पार्सलमध्ये काकूंनीच कोडबळ्यांचा डबा घातला.

सव्वा महिन्यानं रोमेलनं व्हिडिओ पाठवला. इंजिन धडधडत सुरू झालं, बोटीवरची माणसं हसत होती. खाली त्यानं लिहिलं होतं, की कोडबळी त्यांनी मासळीच्या रश्शात बुडवून खाल्ली आणि थोडी तामसाठी डब्यात राखून ठेवली आहेत, पुढच्या खेपेला भेटला तर द्यायला.