शेवटची गाडी येईपर्यंत

माझी बायको शकुन एक्कावन्नाव्या वर्षी मोटरसायकल शिकली आणि तिला ती मी शिकवली नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण लोक उगाच माझं कौतुक करतात. मी तर म्हणालो होतो, "डोकंबिकं फिरलंय का तुझं? आधी गुडघे सांभाळ."

तिने ऐकून घेतलं, वर "बरं" म्हणाली. शकुन "बरं" म्हणाली की समजायचं, विषय संपला आणि आपण हरलो.

आम्ही मूळचे अकोल्याचे. चौदा वर्षांपूर्वी बँकेने मला बदलीवर कोलकात्याला, एस्प्लनेडच्या ऑफिसात पाठवलं. तीन वर्षं काढू आणि परत जाऊ, असं ठरलं होतं. मी रडतखडत आलो होतो, ती मात्र महिनाभरात रुळली. ती लॅब टेक्निशियन. एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचं काम तिला मिळालं. पहाटे सहाला स्कूटी काढायची, ढाकुरिया, गडियाहाट, भवानीपूर करत दहापर्यंत बारा-पंधरा घरं. म्हातारी माणसं तिची वाट बघत बसायची. हातात शीर सापडत नसली तरी शकुन टोचायची घाई करत नाही. हात हातात धरून बसते, मोडक्यातोडक्या बंगालीत सुनेची चौकशी करते आणि शीर वर आली की हलकेच सुई घालते. एक आजोबा मला जिन्यात थांबवून म्हणाले होते, "तुमच्या बायकोला घाई कशी ती माहीतच नाही." मला त्या वेळी तो टोमणा वाटला होता, कारण आमच्याकडे जेवणाची पानं नेहमी उशिरा वाढली जातात.

मोटरसायकलचं वेड खरं तर माझं. इथल्या ऑफिसात एकटाच कंटाळलो होतो, तेव्हा सलीलदांचा ग्रुप भेटला. सलीलदा पक्के बंगाली, साठीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले. त्यांच्या ग्रुपमध्ये डॉक्टर आहेत, मिठाईवाला आहे, कॉलेजातले प्राध्यापक आहेत. महिन्यातून एकदा कुठेतरी जायचं, तंबू ठोकायचे, खिचडी शिजवायची, भांडायचं आणि परत यायचं. भांडण फक्त खिचडीत बटाटा घालायचा की नाही यावर. अकरा वर्षं मी त्यांच्याबरोबर हिंडलो आणि अकरा वर्षं शकुन माझ्या मागे बसून आली. सगळे तिला "बौदी" म्हणायचे, म्हणजे वहिनी. तिच्या डब्यातल्या ठेच्यावर सगळ्यांचा डोळा असायचा. एवढीच तिची ओळख.

मग एक दिवस ती म्हणाली, "मागे बसून मला तुमचं हेल्मेट सोडून काही दिसत नाही." आणि ग्रुपमधल्या तन्मयला तिने पकडलं. तन्मय नाशिकचा पोरगा, न्यू टाउनमध्ये आयटीत आहे, आमच्याकडे पुरणपोळी खायला येतो. दर रविवारी सकाळी न्यू टाउनच्या रुंद रस्त्यांवर त्याने तिला गाडी शिकवली. सहा महिन्यांनी लायसन आलं, दीडशे सीसीची सेकंडहँड गाडी आली, आणि एका बैठकीत बाईसाहेबांनी जाहीर केलं, "मार्चमधल्या मेघालयाच्या ट्रिपला मी माझ्या गाडीवर येणार."

दहा दिवसांचा घाटरस्ता. मी हसलो. हसायला नको होतं. सलीलदा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "जानेवारीत बेलपहाडीच्या जंगलात जातोय. त्यात बघू. जमलं तर मार्चमध्ये चला, नाही जमलं तर अजेयच्या मागे बसा, वाईट वाटून घेऊ नका."

शकुन म्हणाली, "बरं."

त्या दिवसापासून तिला दुसरं काही सुचेना. सकाळी रक्ताच्या फेऱ्या झाल्या की दुपारी इमारतीखालच्या जागेत गाडी स्टँडवर घ्यायची, काढायची, परत घ्यायची. दोनदा गाडी पाडली, एकदा स्वतः पडली. कोपराला बँडेज बांधून पोळ्या लाटत होती. मी म्हणालो, "जाऊ दे ना." तर लाटणं थांबवून म्हणाली, "अहो, मला पुन्हा मागे बसायचं नाहीये. कळतंय का तुम्हाला?" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. तेव्हा कुठे मला कळलं की हे फॅड नाही.

आमच्या ग्रुपचा एक नियम आहे, तो इथे सांगावाच लागेल. सगळ्यात पुढे सलीलदा. वळण आलं की त्यांच्या मागच्या गाडीने त्या कोपऱ्यावर थांबायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला हाताने दिशा दाखवायची. सगळ्यात शेवटी एकच ठरलेला माणूस असतो. तो आला की कोपऱ्यावरच्याने निघायचं. तो येईपर्यंत जागा सोडायची नाही. ऊन असो, पाऊस असो, पाय मोडो. या एका नियमावर अकरा वर्षांत आमचा एकही माणूस हरवला नव्हता. आणि शेवटच्या माणसाचं काम एकच, बाकी सगळे गेले त्याच रस्त्याने जाणं. फोनचा नकाशा बघायचा नाही, अक्कल चालवायची नाही.

त्या जानेवारीत नेहमीचा शेवटचा माणूस लग्नाला गेला होता. सलीलदांनी ते काम मला दिलं.

पहाटे पाचला आम्ही अकरा गाड्या मैदानाजवळ जमलो, फोर्ट विल्यमच्या बाजूने नदीवरच्या पुलावर चढलो आणि हायवेला लागलो. शकुनला सलीलदांनी आपल्या मागेच ठेवलं होतं, आरशात दिसावी म्हणून. कोलाघाटला सगळे थांबले. तिथे मी सहा कचोऱ्या खाल्ल्या. शकुनने तिचा फोन माझ्या टाकीवरच्या बॅगेत चार्जिंगला लावला, मला म्हणाली, "पुरे आता, सहा झाल्या," आणि पुढे गेली.

सहाव्या कचोरीने खडगपूरच्या अलीकडे दगा दिला. मी कुणालाही न सांगता एका पेट्रोलपंपावर वळलो. काय सांगणार? अर्ध्या तासाने, घामाघूम, बाहेर आलो तेव्हा रस्त्यावर आपलं कुणी नव्हतं. आता यांना गाठायचं कसं? फोन काढला. नकाशात दिसलं, मेदिनीपूरमार्गे जंगलातून एक रस्ता थेट झाडग्रामला जातो. मी स्वतःलाच म्हटलं, वा, अजेयराव! आणि वळलो.

रस्ता इतका सुंदर होता की काय सांगू. दोन्ही बाजूंना सालाची उंच झाडं, मधून लाल मातीच्या पायवाटा, रहदारी नाही. मी चक्क गाणं म्हणत होतो. झाडग्रामच्या चौकात तन्मय कोपरा धरून उभा होता. मी भलत्याच बाजूने उगवलो, पण तो बिचारा नियमाचा माणूस. शेवटचा आला म्हणजे मागे कुणी उरलं नाही. त्याने अंगठा दाखवला आणि निघाला. मी त्याच्या मागे. बेलपहाडीच्या पुढे तलावाकाठी पोचलो, तेव्हा एक वाजला होता. तंबू उभे राहत होते, चुलीवर पातेलं चढलं होतं. मी हेल्मेट काढलं, हातपाय ताणले आणि मोठ्यांदा विचारलं, "काय मग, कशी चालवली आमच्या बाईसाहेबांनी?"

सलीलदा हातातली पळी तशीच धरून माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "ती तुझ्या पुढेच असणार ना? तिला मी लोधाशुलीच्या वळणावर उभं केलंय."

लोधाशुली हायवेवर आहे. हायवे सोडून झाडग्रामकडे वळायचं ते तिथे. मी तिथून गेलोच नव्हतो.

फोन काढला. एका अनोळखी नंबरवरून सहा मिस्ड कॉल. मला दिवसभर क्रेडिट कार्डवाल्यांचे असे फोन येतात म्हणून गाडीवर मी आवाज बंदच ठेवतो. पहिला कॉल अकरा वाजताचा होता. उलट फोन लावावा तर तलावाकाठी एक रेघही नेटवर्क नाही. आणि तिचा फोन माझ्या बॅगेत, शंभर टक्के चार्ज होऊन.

मी गाडीला किक मारली. सलीलदा न विचारता मागोमाग निघाले. ते पन्नास किलोमीटर मी कसे कापले ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी हेल्मेटच्या आत स्वतःला अकोल्याच्या शिव्या घालत होतो, त्यातल्या काही पंचवीस वर्षांत तोंडात आल्या नव्हत्या.

अडीच वाजता लोधाशुली आलं. कोपऱ्यावर चहाचं दुकान, आणि दुकानाच्या पुढे, भर उन्हात, आपल्या गाडीला टेकून शकुन उभी होती. तोंड हायवेकडे. आम्ही तिच्या पाठीमागून आलो. चहावाल्याने तिला हाक मारली तेव्हा ती वळली.

मला वाटलं, आता बोलेल. ती धावत आली, माझा हात धरला, जॅकेटची बाही वर सारली, कोपर बघितलं, दुसरं कोपर बघितलं. मग खाली बसून माझे दोन्ही गुडघे चाचपले. हेल्मेट काढायला लावून डोकं चाचपलं. जिला घाई कशी ती माहीत नाही, तिला मी इतक्या घाईत कधी पाहिलं नव्हतं.

"कुठे पडलात?" तिने विचारलं.

"पडलो नाही गं."

"मग?"

मी सगळं सांगितलं. कचोरीपासून. ती ऐकत होती आणि हळूहळू खाली बसत होती, शेवटी रस्त्याच्या कडेला मातीत बसली आणि हमसून हमसून रडली. चहावाला पाणी घेऊन आला. त्याच्याकडूनच कळलं ते असं. बाकी गाड्या गेल्यावर दिदी तासभर गप्प उभ्या होत्या. मग त्याच्या फोनवरून माझा नंबर लावला. रिंग जाते आणि उचलत कुणी नाही. मग त्यांनी खडगपूरकडून येणारे ट्रक थांबवायला सुरुवात केली. प्रत्येक ड्रायव्हरला विचारायच्या, वाटेत कुठे मोटरसायकल पडलेली दिसली का? एक जण म्हणाला, हो, दिसली, वीसेक किलोमीटर मागे, लोक जमले होते. हेल्मेटचा रंग कोणता, ते त्याला सांगता येईना.

"मी म्हटलं दिदींना," चहावाला म्हणाला, "जाऊन बघून या. तर म्हणाल्या, मी गेले आणि ते इथे आले तर? त्यांना वाटेल मी हरवले."

ती दोन तास तशीच उभी होती. वीस किलोमीटरवर नवरा पडलाय असं मनात धरून.

सलीलदा हेल्मेट हातात घेऊन उभे होते. मी म्हणालो, "शकुन, चुकलो. शिव्या घाल, काही कर, पण बोल."

तिने नाक पुसलं. "पहिला तास शिव्याच घातल्या. मग फोन कुणी उचलेना तेव्हा देवाला म्हटलं, हा माणूस धड परत आला तर याला जन्मात बोलणार नाही."

"मग?"

"मग काय? आलात धड. आता देवाकडून शब्द परत मागून घेते." आणि उठली. कपड्यांवरची माती झटकली, सलीलदांकडे वळली आणि विचारलं, "दादा, शेवटचा आला. आता मी हलू का?"

सलीलदा म्हणाले, "हो, शकुनदी." अकरा वर्षांत तिला त्यांनी पहिल्यांदाच नावाने हाक मारली, वर ताई म्हणून 'दी' लावून.

तंबूंवर परत आलो तेव्हा चार वाजले होते. खिचडी थंड झाली होती, कुणी जेवलं नव्हतं. डॉक्टर, मिठाईवाला, प्राध्यापक, सगळे पातेल्याभोवती भुकेले बसून होते. तन्मय तिच्यासमोर कान धरून उभा राहिला. तिने त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि त्याला ठेच्याचा डबा उघडायला लावला. बटाटा होता की नाही हे त्या दिवशी कुणी पाहिलं नाही. मला तर इतकी चवदार खिचडी आठवत नाही, आणि जेवता जेवता ती मला जे जे बोलली तेही गोड लागलं, खोटं कशाला सांगू.

जेवणं झाल्यावर सलीलदांनी मार्चच्या ट्रिपची वही काढली. शकुन बोटांनी ओढणीचं टोक चुरगाळत बसली होती. त्यांनी तिचं नाव लिहिलं आणि म्हणाले, "शकुनदी, तुम्ही स्वतःच्या गाडीवर येताय. जागा कुठली हवी? माझ्या मागची देऊ?"

"नको," ती म्हणाली. "मला सगळ्यात शेवटची द्या."

सलीलदा म्हणाले, "ते जबाबदारीचं काम आहे. धूळ खावी लागते, आणि मागे बघणारं कुणी नसतं."

"चालेल." तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "यांना माझ्या पुढच्या गाडीवर ठेवा. मागे बसायला नको म्हणाले होते ना मी, तर मागून चालवीन. पण आज चार तास रस्त्याकडे बघत होते आणि हे कुठे दिसत नव्हते. तसं मला पुन्हा नकोय."

मी मान खाली घालून ताट घासत होतो. ताट केव्हाच स्वच्छ झालं होतं, तरी घासत राहिलो.