विहीणबाई आणि पत्र्याची खोली

लेखणी हाती धरण्याचा आपल्याला फारसा अधिकार नाही, ही जाणीव ठेवूनच हे लिहीत आहे. मराठी विषय घेऊन पदवी मिळवली, परंतु साठी उलटेपर्यंत खुशालीच्या पत्रांपलीकडे काही लिहिले नाही; आणि आता धीर केला, तर विषय निघाला संडासाचा. वाचकांनी उदार मनाने क्षमा करावी.

सत्तरच्या दशकात माझे वडील सोलापुरात मांडव, सतरंज्या आणि मोठी पातेली भाड्याने देत. बांधकामावरच्या मजुरांसाठी त्यांनी पत्र्याची एक खोली करवून घेतली होती. खड्डा खणायचा, वर फळ्या टाकायच्या, भोवती पत्रे उभे करायचे. दाराला आतून कडी. बैलगाडीतून ती कुठेही नेता येई. लग्नासाठी मात्र तिला कोणी विचारत नसे. पहिली मागणी एका वधूपित्याकडून आली, ती जानवशाच्या शाळेमागची मोकळी जागा घरांनी भरून गेली म्हणून.

"बायकांनी वापरली तरच पुढं कोनी मागंल," वडील म्हणाले. "तू तितं थांब. कडी कशी लावायची ते दाव."

अनोळखी माणसाशी बोलायचे म्हटले की मी दाराआड होई. तरी गेले.

वराची आई वैरागकडची, अंगाने भारदस्त. वऱ्हाडातल्या साऱ्या बायका सकाळपासून तिच्या तोंडाकडे पाहत होत्या, कारण मानाप्रमाणे खोलीतही आधी विहीणबाई जाणार, मग बाकीच्या. आणि विहीणबाईंना तर हलताच येत नव्हते. त्यांचे पाऊल बाहेर पडताच वाजवायला लागा, असे वधूपित्याने बँडवाल्यांना बजावले होते. पायघड्या अंथरणारा परीट धुतलेली धोतरे घेऊन उंबऱ्यापाशीच बसला होता. त्या उठल्या की बँड वाजे, धोतर पसरले जाई, आणि "पानी प्यायला उटले हुते" म्हणत त्या पुन्हा बसत.

अखेर त्यांनी मला कोपऱ्यात घेतले. "ती खोली तुज्या बापाची न्हवं?"

"हो, मावशी. आतून कडी आहे."

"कडीचं ऱ्हाऊ दे. वाजवत नेऊन बसवनार हायत का मला तितं?"

"त्या बँडमास्तरला जरा गप ऱ्हा म्हन की," त्यांची जाऊ मला म्हणाली.

मी दारापर्यंत गेले. बँडमास्तरांनी अदबीने विचारले, "काय हो ताई?" मी "काही नाही" म्हणाले आणि परत आले.

विहीणबाईंनी मला आपादमस्तक न्याहाळले. "बोलता येत न्हाय, चालता तर येतंय की." अंगावरचा जरीचा शेला त्यांनी माझ्या डोक्यावरून हनुवटीपर्यंत ओढला. "मान खाली. आनि जरा फुगून चाल. मी लई जाड हाय."

जावेने माझा दंड धरला. आम्ही बाहेर पडलो आणि बँड दणाणला. परीट मागचे धोतर उचलून पुढे टाकीत होता. सारी मिरवणूक मैदानापलीकडच्या मांडवाकडे निघाली. शेल्याच्या फटीतून मी मागे पाहिले. विहीणबाई शाळेच्या बाजूच्या दाराने, त्या वयाला न शोभणाऱ्या वेगाने, कुंपणालगतच्या पत्र्याच्या खोलीत शिरत होत्या, आणि त्यांच्यामागे तांबे घेतलेल्या बायकांची रांग लागत होती. मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या वडिलांनीही ती रांग पाहिली. ते समाधानाने हसले आणि विहीणबाई समजून त्यांनी मला लवून नमस्कार केला.

मी मांडवात पोचले. वधूची आई पाटाशी वाकली होती. तिच्या हाती पाय धुण्यासाठी कोमट पाण्याचा तांब्या होता. वाद्ये थांबली.

"या विहीणबाई, पाय पुढं घ्या की."

वाचकहो, तुम्ही माझ्या जागी असता, तर पाय पुढे केला असता का?