ओसरीचा चार्ज

चांद्यापासून सिरोंच्यापर्यंतच्या जंगलात इंग्रजी बोलणारे साहेब खूप येऊन गेले. पण इंग्रजीतला एक शब्द जिवापाड सांभाळणारा माणूस मी एकच पाहिला. ते म्हणजे आमच्या शेजारचे नाकेदारभाऊ. त्यांना इंग्रजी येत नव्हते आणि येत नसल्याचे दुःखही नव्हते. त्यांच्याकडे एकच शब्द होता, ‘चार्ज’, आणि तेवढ्यावर त्यांनी जंगलखात्याची नोकरी, संसार आणि शेजारधर्म असे तिन्ही निभावले. मी तेव्हा वरोऱ्याहून बदली होऊन आलापल्लीच्या पुढच्या एका गावात शाळामास्तर म्हणून आलो होतो. माझ्या खोलीला लागूनच त्यांचे कवेलूंच्या छपराचे सरकारी क्वार्टर होते आणि क्वार्टरासमोर रस्त्यावर आडवा बांबू होता. तो बांबू म्हणजे नाका. लाकडाच्या गाड्या तिथे थांबत, नाकेदारभाऊ गाडीभोवती एक चक्कर मारत आणि मग बांबू वर जाई.

जंगलखात्यात बदली झाली की जुना माणूस आणि नवा माणूस समोरासमोर उभे राहत. खुर्ची, कंदील, झाडांवर शिक्का मारायचा हातोडा, एकेक वस्तू दाखवली जाई. सगळे दाखवून झाले की जुना म्हणे, ‘दिला’ आणि नवा म्हणे, ‘घेतला’. झाला चार्ज. इतर लोक हा प्रकार बदलीपुरता करत. नाकेदारभाऊंना मात्र तो इतका पटला होता की ते नदीवर अंघोळीला जातानासुद्धा चार्ज दिल्याशिवाय हलत नसत. सकाळी खांद्यावर पंचा टाकून ते माझ्या दारात उभे राहत आणि म्हणत, “मास्तर, ओसरीचा चार्ज घेता काय जी?” मग मी त्यांच्या ओसरीत जाऊन समोर उभा राही. ते दाखवत: बाज, पाण्याचा गुंड, वाळत घातलेली मिरची, कोंबड्या आणि झोपलेला कुत्रा. कुत्र्याला ते हळूच हाताने हलवून जिवंत असल्याची खात्रीही करून देत. “दिला,” ते म्हणत. “घेतला,” मी म्हणे. ते परत आले की हेच उलटे होई; मी ‘दिला’ म्हणे आणि ते ‘घेतला’. एकदा मी घाईत नुसती मान हलवली, तर मी शाळेची घंटा देऊन परत येईपर्यंत ते तसेच पंचा घेऊन उभे होते.

माझ्याकडे इंग्रजी शब्दकोश होता. एका रविवारी मी तो उघडून त्यांना सांगितले की, नाकेदारभाऊ, या शब्दाचे अर्थ पानभर आहेत. फौज धावून जाते तो चार्ज, कोर्टात आरोप ठेवतात तो चार्ज, बंदुकीत दारू ठासतात तो चार्ज, मोटारीच्या बॅटरीत भरतात तो चार्ज आणि हॉटेलवाला मागतो तोही चार्ज. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “हे सारे अर्थ एकाच सायबाच्या घरचे हायेत?” मी होय म्हटल्यावर ते म्हणाले, “मंग त्याच्या घरी कोणतीच वस्तू जाग्यावर सापडत नसन. आपल्याले एक पुरे.”

त्या एका अर्थात त्यांनी काय काय बसवले होते, हे आठवले की आजही नवल वाटते. हिवतापाने फणफणले असताना कंपाउंडर आला, तेव्हा कुडकुडत उठून बसले आणि ताप रीतसर त्याच्या स्वाधीन केला. कंपाउंडरने ‘घेतला’ म्हटल्यावर डोक्यावरून घोंगडी ओढून ते निश्चिंत झोपले. दुसऱ्या दिवशी ताप चढला तेव्हा त्यांची तक्रार तापाबद्दल नव्हती, कंपाउंडरबद्दल होती. एकदा त्यांनी शेजारच्या गावातून बोकड आणवला आणि त्याच रात्री बिबट्याने तो नेला. नाकेदारभाऊंनी चौकशी केली. विकणाऱ्याने तो दारात आणून ‘दिला’ म्हटले होते, पण नाक्यावर गाडी आल्यामुळे यांचे ‘घेतला’ म्हणायचे राहून गेले होते. तेव्हा बोकड गेला तो जुन्या मालकाचा, असे ठरवून ते त्या माणसाला भेटायला गेले, त्याच्या ओट्यावर बसून त्याचे सांत्वन केले आणि चहा घेऊन परत आले.

त्यांची बायको सिरोंच्याकडची, तेलुगू मुलखातली. ती माहेरी जाताना लोणच्याच्या बरण्यांचा चार्ज द्यावा लागे, म्हणून ती चिडे. “अय्यो, मास्तर,” ती मला म्हणे, “हे मरतीन ना, तवा यमाले बी दारात उभा करतीन. म्हणतीन, पहिले चार्ज घे.” नाकेदारभाऊ यावर गंभीरपणे म्हणत, “काऊन नाई? तो बी सरकारी मानूसच हाय.”

त्यांना एकच लेक होती, गोदा. आईच्या माहेरची नदी म्हणून हे नाव. गोदाचे लग्न सिरोंच्याजवळच्या एका बऱ्या शेतकरी घरात ठरले, तेव्हा साऱ्या गावाला एकच उत्सुकता होती की नाकेदारभाऊ आता लेकीचा चार्ज कसा देतात. मुलगी सासरच्यांच्या ओटीत घालायची वेळ आली. पाटील, कंपाउंडर, मी, ब्रह्मपुरीकडून आलेले नाकेदारभाऊंचे थोरले बंधू, सगळे पुढे सरकून उभे राहिलो. नाकेदारभाऊ गोदाचा हात धरून व्याह्यांच्या समोर आले आणि त्यांनी सुरुवात केली. “पोरगी एक. मासोळीचं कालवन आईसारखं करते. ईज कडाडली का भिते, तवा कोनी जवळ बसा लागते. रुसली तर बोलत नाई, पन ताट वाढलं का येते. उजव्या पायाले ठेच लागून राह्यते, कारन पाहून चालत नाई.” हसणारे लोक हळूहळू हसायचे थांबले. बायका पदर डोळ्यांना लावू लागल्या. व्याही बिचारे भले होते, त्यांना वाटले आपली पाळी आली, म्हणून ते म्हणाले, “घेतला, इवाईबुवा.” नाकेदारभाऊ म्हणाले, “थांबा, अजून सरलं नाई.” पण यादी तिथेच राहिली. ते तसेच वळले, नाक्यावर गेले आणि वरातीच्या बैलबंड्यांसाठी त्यांनी स्वतःच्या हाताने बांबू वर केला. बंड्या गेल्या. मागे धूळ बसली तरी त्यांनी बांबू खाली घेतला नव्हता.

दोनेक वर्षांनी, धान कापणीच्या दिवसांत, सर्व्हिस मोटार नाक्यावर थांबली आणि गोदा पत्र्याची पेटी घेऊन खाली उतरली. मूल होत नाही म्हणून सासूने तिला घालवले होते. व्याही वारले होते आणि नवऱ्याला आईपुढे तोंड नव्हते. बातमी ऐकून चार दिवसांत थोरले बंधू ब्रह्मपुरीहून आले. ओसरीत पाटील, कंपाउंडर आणि मला घेऊन बैठक बसली. गोदा आत चुलीजवळ होती, पण भांड्याचा आवाज नव्हता; ती ऐकत होती. थोरले म्हणाले, “दिली लेक त्या घरची. ठेवून घेशीन तर लोकं आपल्या तोंडात शेन घालतीन. उद्याच पोचवून दे, सासूच्या पाया पड म्हन, उंबऱ्यात पडून राहा म्हन.” बंधू वडिलांच्या जागी. त्यांचा शब्द नाकेदारभाऊंनी जन्मात मोडला नव्हता. पाटलांनीही मान हलवली. मला फार राग आला होता. पण मी परगावचा मास्तर, आणि नाकेदारभाऊ तर खाली मान घालून बाजेची सुतळी ओढत बसलेले.

मग त्यांनी मान वर केली. “दादा,” ते म्हणाले, “तुमचं खरं हाय. दिली लेक त्या घरची. पन म्या दिलीच नाई.”

“म्हंजे?”

“तुम्ही मांडवात होते. इवाईबुवा ‘घेतला’ म्हणे. म्या ‘दिला’ म्हटलं काय? सांगा. पाटील, तुम्ही सांगा. मास्तर, तुम्ही होते.”

आम्ही सगळे आठवू लागलो. कंपाउंडरने छपराकडे पाहिले. शेवटी पाटील खाकरून म्हणाले, “म्हटलं नाई, हे खरं हाय.”

“मंग चार्ज माझ्याकडंच हाय,” नाकेदारभाऊ म्हणाले. “दोन वर्सं ती तिकडं नुसती राहून आली.” थोरल्यांनी पुष्कळ समजावले, ते रागावले, जेवायला नाही म्हणाले. नाकेदारभाऊ प्रत्येक वेळी नम्रपणे हेच सांगत राहिले की, नियम आपला नाही, खात्याचा आहे. आतून भांड्याचा आवाज आला. गोदाने भात चढवला होता, आणि शेवटी तो थोरल्यांनीही खाल्ला.

पुढे गोदा चांद्याला दाईचे काम शिकायला निघाली. मोटार नाक्यावर उभी होती, ड्रायव्हर घाई करत होता. नाकेदारभाऊंनी तिला समोर उभे केले. “पोरगी एक,” ते म्हणाले. या वेळी यादी सांगितली नाही. “तुले सारं ठाऊक हाय. तुहाच चार्ज, तूच घे. दिला.” गोदा रडत होती, पण आवाज स्वच्छ होता. “घेतला, बाबा.” मग त्यांनी जाऊन बांबू वर केला, आणि मोटार गेल्यावर लगेच खाली घेतला. माझ्याने मात्र त्या दिवशी शाळेत काही शिकवणे झाले नाही.

त्यानंतरच्या एका उन्हाळ्यात ते लेकीला भेटायला चांद्याला निघाले. बायको आधीच तिकडे गेली होती. नेहमीसारखे माझ्या दारात आले. बाज, गुंड, मिरची, कोंबड्या दाखवून झाल्या, म्हाताऱ्या कुत्र्याला त्यांनी हळूच हलवले. “दिला.” “घेतला.” नवा सदरा घातल्यामुळे ते जरा अवघडले होते. “आठवड्यानं येतो जी,” म्हणाले.

ते चांद्याहून परत आले नाहीत. गोदाच्या घरी दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत, असे तिने कळवले. यमाला दारात उभे करायला त्यांना वेळ मिळाला की नाही, कोण जाणे. क्वार्टरात नवा नाकेदार आला. तो भला होता, पण घाईचा. कंदील आणि हातोडा मोजून घेऊन कामाला लागला. ओसरीबद्दल त्याने काही विचारले नाही, आणि मीही काही बोललो नाही. कोंबड्या मी गोदाकडे पोचवल्या आणि कुत्रा माझ्याकडे राहायला आला. पुढे माझी बदली झाली, गावे बदलली, आता नोकरीही संपली. पण सकाळी कोणी खांद्यावर पंचा टाकून रस्त्याने जाताना दिसले की मी अजून उठून उभा राहतो. ‘दिला’ म्हणायचे ते माझे राहून गेले आहे.